टाका कुठं घालू?

बाई,

तुमच्या शिवणाच्या खोलीतलं ते लाकडी कपाट मी मागच्या महिन्यात उघडलं. किल्ली शाळेत कुणाकडेच नव्हती. कुलूप फोडणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून बिजागऱ्यांचे आठ स्क्रू काढले, दार अलगद बाजूला ठेवलं आणि काम झाल्यावर आठही स्क्रू ज्याच्या त्याच्या भोकात बसवले. हे आधी सांगतो, कारण वस्तूची हेळसांड तुम्हाला खपत नसे. खालच्या फळीवरची पुस्तकं वाळवीने नेली आहेत, वरच्या दोन फळ्या शाबूत आहेत. आणि पुस्तकांत टाके आहेत, अजून.

टाके तुम्हीच घातलेले, तुम्हाला ते नव्याने काय सांगायचे. पण मी तेव्हा ते नुसते पाहिले, समजून घेतले नाहीत, म्हणून आता एकदा नीट मांडून पाहतो. शाळेला ग्रंथपाल नव्हता. वाचनालय कुणीतरी सांभाळायचं, म्हणून ते शिवणाच्या बाईंच्या गळ्यात मारलं होतं. खोलीत तीन मशिनी, त्यातली एक चालू. पोरगं पुस्तक परत घेऊन आलं की तुम्ही मशीनचं चाक हाताने थांबवायच्या, चष्म्यावरून बघायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, "टाका कुठं घालू गा?" मुलगी असली तर, "कुठं घालू वं?" म्हणजे, पुस्तक कोणत्या पानावर सोडलं. त्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात, अक्षराला सुई लागू न देता, तुम्ही एक टाका घालायच्या, मागे गाठ मारायच्या आणि दोरा दातांनी तोडायच्या. काहून सोडलं, हे विचारायचं नाही. बोध काय घेतला, हे तर नाहीच नाही. पुस्तक संपवलं असेल तर टाका नाही. पुढच्या पोराच्या हाती ते गेलं की त्याचं पहिलं काम म्हणजे टाक्याच्या पानावर जाऊन बघणं, की इथं असं झालं तरी काय, की तिघं जण पळाले.

मुख्याध्यापक एकदा तपासणीच्या आदल्या दिवशी खोलीत आले आणि एक पुस्तक हवेत हलवत ओरडले, "बाई, शाळेच्या मालाले भोकं पाडून राहिल्या तुम्ही!" तुम्ही मशीन थांबवली नाही. म्हणालात, "फाडून नाही राहिली सर, शिवून राहिली." आम्ही पाचसहा जण बाकाखाली तोंड घालून हसलो. जाताना सर तेच पुस्तक काखेत घेऊन गेले. ते परत करायला आले तेव्हा तुम्ही त्यांनाही विचारलंत का, टाका कुठं घालू म्हणून? हे मला फार जाणून घ्यायचं आहे, पण आता सांगणार कोण.

मी कोण, ते ओळखलं असेल. मी तो, ज्याला कधी टाका पडला नाही. आठवीत मी तुम्हाला ऐटीत म्हणालो होतो, "बाई, माझा एकबी टाका नाही." तुम्ही ब्लाउजची बाही उलटी करत होतात. "बरं हाय," म्हणालात, "मजा आली काय?" मी लगेच हातातल्या पुस्तकाची गोष्ट सांगायला लागलो, पहिल्या प्रकरणापासून, नावांसकट. तुम्ही पाचेक मिनिटं ऐकलं असेल. मग म्हणालात, "गोष्ट नाही गा विचारली मी." एवढंच. माझ्या आयुष्यात लोकांनी मला बरंच काही ऐकवलं, पण तुमचं हे वाक्य मला रागावणं होतं की नव्हतं, याचा निकाल अजून लागलेला नाही.

दहावीनंतर मी शाळा सोडली. मोटरचं वाइंडिंग शिकलो, तेही कुणाच्या हाताखाली नाही. जळलेल्या मोटरी आणायच्या, तारेचा एकेक वेढा मोजत उलगडायच्या, वहीत लिहायचं आणि पुन्हा भरायच्या. आज वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोडाउनांच्या मागे, माझं वर्कशॉप आहे. डिग्रीवाले इंजिनियर फोन करून मला वेढ्यांचा हिशोब विचारतात. हे मी मिरवायला सांगत नाही. म्हणजे, थोडं मिरवायलाही सांगतो. यंदा शाळेच्या पंपाची मोटर जळली, ती माझ्याकडे आली, ती बसवायला मी शाळेत गेलो आणि आताच्या मुख्याध्यापिका बोलता बोलता म्हणाल्या, "सातवीचा शनिवारचा वाचनाचा तास घ्यायला कुणी नाही, मुलं पुस्तकाला हात लावत नाहीत." मी म्हटलं, मी घेतो.

आणि मी तो माझ्या पद्धतीने घेतला. नवीन पुस्तकं आणली, भिंतीवर तक्ता लावला, पट्टीने आखून, प्रत्येकाच्या नावापुढे चौकोन. पुस्तक संपवलं, माझ्या पाच प्रश्नांची उत्तरं दिली, की एक चमकीचा तारा. पहिले दोन शनिवार पुस्तकांसाठी मारामारी होती. तिसऱ्या शनिवारी एकाने येऊन विचारलं, "सर, यातलं सगळ्यात पतलं कोणतं हाय?" त्यानंतर बत्तीस पानांच्या वरचं पुस्तक जागचं हललं नाही. मला हे दिसत होतं, पण तक्ता तर भरत होता.

सगळ्यांत पुढे एक मुलगी होती. उंच, शेवटच्या बाकावरची, अकरा तारे. बाराव्या पुस्तकाच्या वेळी मी विचारलं, "मधात बैलगाडी नदीत अडकते, तेव्हा मदत आणायला कोण पळतं?" तिने पहिलं पान सांगितलं, शेवटचं पान सांगितलं. मधलं येईना. "गाडीवान?" म्हणाली. मी म्हटलं, "गाडीवान तर गाडीखाली सापडला असतो." वर्ग खदखदून हसला. मग मी तक्त्यापाशी गेलो आणि तिचे तारे काढले. अकराही. नखाने. गोंद मी चांगल्यातला वापरला होता, त्यामुळे तारा फाटायचा आणि मागे पांढरा डाग राहायचा. असे अकरा डाग पडले. पुढच्या शनिवारी ती शाळेत होती, पण तासाला नव्हती. नळापाशी बाटली भरत उभी होती. बाटली भरून वाहत होती तरी भरत होती. मी म्हटलं, "चल." ती म्हणाली, "पोट दुखून राहिलं." त्याच्या पुढच्या शनिवारीही दुखत होतं. तिची आई मला गेटवर भेटली, तिला काही माहीत नव्हतं. म्हणाली, "आधी घरी पुस्तकं आणे, आता म्हणते, मले नाही जमत वाचणं." हे ऐकून मी मोटरसायकल सुरू केली आणि वाडीपर्यंत तिसऱ्या गिअरमध्येच गेलो, चौथा टाकायचं सुचलं नाही.

पातळ पुस्तकं सगळ्यांची वाचून झाली, म्हणून मी तुमचं कपाट उघडलं. खरं कारण इतकं साधं आहे. पुस्तकं वर्गात नेऊन झटकत होतो तर एकाने एक हिसकूनच घेतलं. "सर, हे कायचे टाके? ऑपरेशन झालं काय याचं?" मी सांगितलं. तक्ता लावल्यापासून इतका वेळ माझं कुणी मध्ये न बोलता ऐकलं नव्हतं. मग "मले नऊ टाकेवालं पाहिजे!" अशी ओढाताण. नऊ टाक्यांच्या पुस्तकात सहा टाके एकाच ठिकाणी होते. तिथं पाच पानं नुसतं जंगलाचं वर्णन आहे. दुसऱ्या एकात चार टाके एकाच पानावर. त्या पानावर कुत्रा मरतो. ज्या मुलाच्या हाती ते लागलं, तो ते पान दोनदा वाचून पुढे गेला. एकशे साठ पानांचं पुस्तक आहे ते, बाई.

एक गोष्ट मला कळली ती मात्र पुस्तकं वर्कशॉपमध्ये नेल्यावर, तांब्याच्या तारा तपासायच्या भिंगाखाली. काही पानांवर सुईची दोन भोकं आहेत, दोरा नाही. भोकात निळा तंतू अडकलेला, आणि चाळीसेक पानं पुढे तसाच निळा टाका. म्हणजे पोरगं पुस्तक सोडून जायचं, कधीतरी पुन्हा तेच मागायचं, आणि त्याने नंतर जिथे सोडलं तिथे तुम्ही त्याचा टाका हलवायच्या. असा हलवलेला टाका मला सात पुस्तकांत सापडला. सोडलेल्या पुस्तकाकडे परत जाता येतं, हा तुमचा नियम मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हता. टाका न पडलेल्याला तो कळणार तरी कसा. पण हे तुम्ही ठरवून केलं होतं का? की शिवणाच्या कामात गुंतलेल्या बाईला खूण ठेवायला हाताशी सुईदोराच होता, इतकीच गोष्ट? मी दोन्ही बाजूंनी विचार करतो. निकाल लागत नाही.

तक्ता मी काढला. सुई, दोरा, कात्री टेबलावर ठेवली. मागच्या शनिवारी गलका ऐकून ती मुलगी दारात आली. दहा मिनिटं तिथेच उभी होती. मग सरळ आली, ते बैलगाडीचं पुस्तक उचललं, माझ्यापुढे धरलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बावीस पानावर सोडलं होतं." मी चूक झाली म्हणायला हवं होतं. मी सुईत दोरा ओवला. केसाएवढी तार भरणारा हात माझा, टाका चांगला पडला. ती निरखून बघत होती. मग तिने विचारलं, "आणि तुमचा टाका कुठं हाय सर? तुम्ही याच शाळेत होते ना?"

मी म्हटलं, "माझा नाही. मी सगळी पुरी वाचली."

"एकबी नाही सोडलं?"

"एकही नाही."

ती टाक्याकडे बघत म्हणाली, "मग आम्हालेच काहून घालून राहिले?" पुस्तक टेबलावर ठेवलं, आपटलं नाही, आणि निघून गेली. तिच्यामागे अजून दोघांनी आपापली पुस्तकं ठेवली, टाका न घेता. "आमचं पूर्ण झालं," म्हणाले.

आज शुक्रवार. वार्निश दिलेली एक मोटर भट्टीत सुकते आहे, तेवढ्या वेळात हे लिहितो आहे. तुम्ही गेल्याचं मला वर्षभराने कळलं, तुमच्या घरी मी कधी आलो नाही, आणि आता या कागदावर पत्ता कोणता घालावा हेही ठाऊक नाही. उद्या तास आहे. ती येईल असं काही नाही. नळापाशी मात्र असेल, आणि तिथे जाऊन मला तिला एक सांगायचं आहे. ते आधी तुमच्यापाशी बोलून बघतो.

समुद्रप्रवासाचं ते जाड, निळ्या कापडी बांधणीचं पुस्तक. तुम्ही विचारलंत, टाका कुठं घालू गा? मी म्हणालो, पूर्ण. तुम्ही सुई तशीच धरून थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, "बरं" म्हणालात आणि सुई उशीत टोचून ठेवली. ते मी एकाहत्तराव्या पानावर सोडलं होतं. तेव्हापासून ते वाचल्याचं किती जणांना सांगितलं असेल. एकदा तर सत्काराच्या भाषणातही. तुम्ही काहून म्हणून विचारलं नसतं. ती विचारेल. तिला सांगायला मी गेले सहा दिवस कारणं शोधतो आहे: भाषा कठीण होती, परीक्षा होती, घरी आजारपण होतं. यातलं काहीच नव्हतं.

मला कंटाळा आला होता, बाई. नुसता कंटाळा.