नाचणीची तीन पिलं

६ एप्रिल, रवि.
पहाटे साडेपाचला उमरेड रोडवरची संत्र्याची बाग. तिथले राखणदार शालिकभाऊ दोन वर्षांपासून मला पक्ष्यांचे फोटो काढायला आत येऊ देतात, मालकाला ठाऊक नाही. आज त्यांनी स्वतःहून नाचण पक्ष्याचं घरटं दाखवलं. माझ्या छातीइतक्या उंचीवर, वाटीएवढं, वर कोळ्याच्या जाळ्यांचं लिंपण. आत तीन पिलं.
"कोनाले नाही दाखवलं, ताई. तुमच्यावर भरोसा हाय म्हणून. फक्त झाडाले हात नका लावजा."
मग ते मोटर बघायला गेले. एक पानाळ फांदी नेमकी घरट्यावर आडवी. पाऊण तास वाट पाहिली, वारा येईल आणि हलेल. नाही हलली. शेवटी बॅगेतल्या दोरीने मागे बांधली. आमच्या पक्षी-फोटोंच्या ग्रुपमध्ये सगळेच बांधतात. तोडायची नाही, बांधायची, हा आमचा नियम.
७.४० ला ऊन बरोब्बर आलं. आई चोचीत माशी घेऊन, शेपटीचा पंखा पूर्ण उघडलेला. इतका चांगला फोटो मी आजवर काढलेला नाही.
आईचा (माझ्या) फोन, सिलिंडरवाला दारात उभा. तशीच पळाले.

७ एप्रिल, सोम.
ऑ. मध्ये डब्याच्या वेळी फोटो पाहत होते. कोपऱ्यात पांढरं काहीतरी. मोठं करून पाहिलं तर दोरी.
सोडलीच नाही.
ऑफिसच्या खिडकीतून समोरच्या टपरीचा पत्रा तापलेला दिसत होता, बघवत नव्हता. तीन वाजले होते. शा.भाऊंना एक फोन, 'ती फांदी सोडा', बस. नंबर काढला. पण 'हात नका लावजा' म्हटलं होतं त्यांनी, आणि मी मान डोलावली होती. काय सांगायचं?
नाही केला फोन. ठरवलं, उद्या पहाटे जाऊन गुपचूप सोडू. चौदा-पंधरा तासांचाच तर प्रश्न. असा हिशोब मी केला, आणि मग चहासुद्धा प्यायले.

८ एप्रिल, मंगळ.
तिन्ही मेलेली. मुंग्या लागल्या होत्या. घरट्यावर सावलीचा एक ठिपकाही नाही, ती फांदी म्हणजे त्यांचं छप्पर होतं. मला एवढं कळत नव्हतं असं नाही.
दोरी सोडून खिशात घातली. तेवढ्यात शा.भाऊ आले. वाकून पाहिलं.
"काल बाजूच्या झाडायच्या तासाले फवारणी केली जी मी. मालक म्हने कर. माह्याच हातानं मेले."
मी म्हणाले, "होऊ शकतं."
हे मी म्हणाले. शिकलेली बाई, त्यांच्यापेक्षा पक्ष्यांतलं जास्त कळणारी. त्यांनी लगेच मानलं. कुदळीने खड्डा केला, पिलं पुरली, वर दगड ठेवला. मी खिशात हात घालून उभी.

१९ एप्रिल, शनि.
ग्रुपच्या प्रदर्शनात नाचण निवडली गेली. घरट्याचे फोटो चालत नाहीत म्हणून खालून कापून दिला होता. नुसती आई, पंखा, माशी. फॉर्मवर 'पक्ष्यांना त्रास न देता काढलेले छायाचित्र' यापुढे खूण करायची असते. केली.
लोकांनी ग्रुपवर लिहिलंय, काय संयम आहे तुमचा!
आई म्हणते फ्रेम करून हॉलमध्ये लाव. रागावले तिच्यावर. तिचं काय चुकलं होतं? काही नाही.

२७ एप्रिल, रवि.
बागेत जाणार नव्हते. गेले. न जाण्याचं कारण सांगावं लागलं असतं.
शा.भाऊंनी झाडांच्या त्या ओळीत पुन्हा औषध मारायला मालकाला चक्क नकार दिलाय. बाचाबाची झाली.
"मी सांगतलं त्याले, ताईनं बी म्हटलं, औषधानंच मरतात. ताई शिकलेली हाय. तं म्हने, तुह्या ताईलेच ठेव मंग राखनीवर. दुसरा मानूस पाहून राहिला तो."
पंधरा वर्षं आहेत ते तिथे. बायको बाजूच्या शेडमध्ये, चूल तिथेच. तिने मला ताक दिलं. म्हणाली, "हे रात्री उठून बसते वं बाई, त्या पिलायचंच बोलते."
ताक प्यायले. माझ्यासारखी निगरगट्ट मीच. गाडीशी येईपर्यंत तीनदा तोंड उघडलं. एकदा विचारलं, संत्री कशी आहेत यंदा.

१० मे, शनि.
गेल्या आठवड्यात प्रदर्शनातून फोटो मागे घेतला. कारण लिहिलं, 'फाइलमध्ये तांत्रिक दोष'. म्हणजे खोटं झाकायला आणखी एक खोटं. ज्यांना खरं सांगायला हवं ते उमरेड रोडवर आहेत, त्यांना या प्रदर्शनाचं नावही माहीत नाही.
चार दिवस हलकं वाटलं असतं तरी चाललं असतं. एक दिवसही नाही वाटलं.

२० मे, मंगळ.
सव्वाबाराला ऑ. मध्ये शा.भाऊंचा फोन. आवाजात इतका आनंद की आधी ओळखलाच नाही.
"ताई, त्याच जोडीनं दुसरं घरटं केलं, पलीकडच्या झाडावर! पिलं निंगाले. या बारीनं औषधाचा थेंब नाही पडू देल्ला. मालक बोंबलून राहिला तं बोंबलू दे. या तुम्ही रविवारी. एक फांदी आडवी येत होती, तुमाले फोटो नाही भेटन म्हणून सकाळीच बांधून ठेवली."
मी खुर्चीवरून उठले.
"सोडा ती. आत्ताच्या आत्ता."
"काहून?"
"उन्हानं मरतील. सोडा."
"नाही मरत जी, मागच्या बारीले तं औषधानं—"
"औषधानं नाही. मागच्या वेळी मी बांधली होती."
बाजूच्या टेबलवरची मंडळी बघायला लागली. पलीकडून मग सावकाश, जसं एखाद्या लेकराला विचारावं तसं,
"सोडली नव्हती, ताई?"
"नाही. दुसऱ्या दिवशी आठवलं होतं. तरी तुम्हाला फोन नाही केला."
"ठेवा फोन. पयले फांदी सोडून येतो."
ठेवला. येतो म्हणाले, पण त्यांचा परत फोन आला नाही. संध्याकाळचे साडेसात वाजलेत. सकाळपासून दुपारपर्यंत किती वेळ ऊन लागलं असेल, पिलं आहेत की गेली, हे सांगू शकणारा माणूस एकच आहे. नंबर समोर आहे.