सरदेशमुखांचा ड्यूक

पुणे, ३ फेब्रुवारी २०१४

चि. ऋग्वेदा हीस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, म्हणून पत्र लिहितो आहे. दिवाळीत मी या लग्नाला नाही म्हटलं आणि तुझा बाबा माझ्या शब्दाबाहेर जाणार नाही, हे तुला ठाऊक आहे. पण काल तो म्हणाला की तुझा योहान जर्मनीतल्या वाल्डेनाउच्या ड्यूकांच्या घराण्यातला. हे आधी सांगायचं नाही का? आपण साताऱ्याकडचे सरदेशमुख, तोलामोलाचं स्थळ मिळालं. माझा होकार समज. पत्रिकेचा मसुदाही केला आहे, 'श्रीमंत ड्यूक योहान' असा. सोसायटीत सगळ्यांना सांगून झालं. आता घराण्याची हकीकत सविस्तर कळव, लोक विचारतात.

प्रकृतीला जप. तुझा, आजोबा


क्लेमेंटी, सिंगापूर, १५ फेब्रुवारी २०१४

ती. आजोबांस, ऋग्वेदाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी आनंद झाला, मग 'श्रीमंत ड्यूक' वाचून लगेच हे लिहायला बसले. हकीकत विचारलीत, तर खरी सांगते.

वाल्डेनाउचं राज्य मूळचं मोठं. पण तिथे वडिलांमागे सगळेच मुलगे ड्यूक, आणि सगळ्यांना वाटणी. काही पिढ्यांत एकेकाकडे एक किल्ला, एक पिठाची गिरणी आणि लांबलचक पदवी उरली. १९१८ साली शेवटच्या ड्यूकांनी गादी सोडली. पुढच्या वर्षी कायद्याने मानमरातब गेले आणि 'ड्यूक' हा शब्द आडनावात तेवढा राहिला. योहानच्या आजोबांचं औषधांचं दुकान होतं. तो स्वतः माझ्यासारखाच पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा तात्पुरत्या नोकरीवरचा संशोधक. बुकित बातोकला भाड्याच्या खोलीत राहतो आणि हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांवर, सगळ्यांसारखं टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल धरतो. असे आमचे ड्यूकसाहेब.

गप्प राहिले असते तर लग्न निर्विघ्न पार पडलं असतं. पण तुम्हाला अंधारात ठेवून घेतलेला होकार मला नको. नकार आला तर फार रडेन, आणि तरी तुमच्या होकाराची वाट बघेन.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची, ऋग्वेदा


पुणे, २ मार्च २०१४

चि. ऋग्वेदा हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर पत्रिकेचा मसुदा कपाटात ठेवून दिला. सोसायटीत तोंड कसं दाखवू, हीच चिंता. तेवढ्यात गावाहून भैरोबाच्या यात्रेचं बोलावणं आलं.

आपलं वतन कायद्याने गेलं तेव्हा मी शाळेत होतो. पुढे जन्मभर पोरांना गणित शिकवलं. कसली सरदेशमुखी, आडनाव तेवढं राहिलं. तरी दरवर्षी एसटीने गावी जातो आणि मानाचा नारळ घेऊन ऐटीत परत येतो. मग त्या औषधवाल्याच्या नातवाला मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

मसुद्यातलं 'श्रीमंत ड्यूक' खोडलं, 'चि. योहान' लिहिलं. सोसायटीचं मी बघतो. भावाभावांच्या वाटण्या ऐकल्या की सगळ्यांना तो आपलाच वाटेल.

यात्रा एप्रिलात आहे. यंदा गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत. तुम्ही दोघं या आणि मानाचा नारळ घ्यायला माझ्या जागी योहानला उभं कर. गुरवाने नाव विचारलं तर ड्यूकसकट सगळं सांगू दे. आपल्या गावात असली नावं चालतात.

दोघांची वाट पाहणारा,
आजोबा