अब्बांचा तयम्मुम

प्रिय बारक्या,

फोन सोडून पत्र लिहायला बसले याचं तुला नवल वाटेल. पण फोनवर अब्बांचा विषय निघाला की तू नुसतं "हं" म्हणतोस, आणि पुढच्या मिनिटाला मी तुझ्या क्रेनच्या गोष्टी ऐकत असते. पत्र असं मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडून टाकशील. पण वाचल्याशिवाय फाडणार नाहीस, एवढं तुला ओळखते.

मी बरी आहे. चष्म्याच्या दुकानात अजून काचाच घासते. आता मलाही जवळचा चष्मा लागलाय. मालक म्हणतात, चला, एक गिऱ्हाईक घरातलंच मिळालं. दुपारपर्यंत काम करते आणि घरी पळते, कारण अब्बांना फार वेळ एकटं ठेवता येत नाही. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या पाठीवर फोड आले, तेव्हा आम्हाला वाटलं उष्णतेचे असतील. मग छातीवर आले, पायांवर आले, फुटले, आणि खालची कातडी भाजल्यासारखी लाल उघडी पडली. चेहरा आणि तळहात तेवढे वाचलेत. डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, जखमांना पाणी अजिबात लागता कामा नये. पुसायचं तेही आम्हीच, औषधाच्या कापसाने.

तुला त्यांचा हेका ठाऊक आहे. पन्नास वर्षं गवंडीकाम केलं, पण पाचांपैकी एक नमाज चुकवली नाही. कामावरून उठून हातापायांचं सिमेंट घासून काढून, हात-तोंड-पाय धुऊन वजू करायचे. ते आता पाण्यावाचून राहतील? एकदा मी घरी आले तर न्हाणीत स्टुलावर बसलेले, हातात तांब्या, पायांच्या पट्ट्या भिजून लोंबत होत्या. वेदनेने ओठ पांढरे पडले होते, पण मला म्हणाले, काही झालं नाही. चौथ्या दिवशी ताप चढला. जखमा चिघळल्या होत्या. दहा दिवस हॉस्पिटलात काढले. डॉक्टरबाई रागावल्या, मी रागावले. अब्बा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

शेवटी मी मौलवीसाहेबांना बोलावून आणलं. ते उशाशी बसले आणि शांतपणे म्हणाले, पाण्याने जिवाला अपाय होत असेल तर तयम्मुम करा. स्वच्छ माती किंवा दगड, त्यावर दोन्ही हात टेकवायचे आणि चेहऱ्यावरून, हातांवरून फिरवायचे. वजू झाली. आजाऱ्याला ही सवलत अल्लाहने दिलेली आहे, ती नाकारणारे तुम्ही कोण? अब्बांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, पटलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी म्हणाले, दगड आण. मी मेली शहाणी, दुकानातून चांगली जाड काच घेऊन आले, गुळगुळीत, पुसायला सोपी. त्यांनी बोट फिरवून परत दिली. काच चालत नाही म्हणाले. मग एक फरशी आणली, तर तिच्यावर रंगाचा हात होता. आजारी माणूस, पण दगडाच्या बाबतीत गवंडी तो गवंडीच. अखेर त्यांचा जुना मुकादम एक कोरा, न घासलेला काळा दगड घेऊन आला. अब्बांच्या मांडीवर उशी देऊन तो तिच्यावर ठेवला.

दुपारच्या नमाजची वेळ होती. त्यांनी दगडावर तळहात टेकवले, झटकले, हलकेच चेहऱ्यावरून फिरवले. पुन्हा टेकवले, आणि डावा हात उजव्या हाताच्या पट्टीवरून कोपरापर्यंत नेला, मग उजवा डाव्यावरून. अर्ध्या मिनिटाचं काम. ते झालं आणि अब्बा रडायला लागले. अम्मी गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "एवढंच होतं. त्या पोरासाठीही एवढंच होतं."

बारक्या, हे पुढचं लिहू की नको म्हणून मी दोन दिवस थांबले. मी विचारलं, तुम्हाला तेव्हा हे माहीत नव्हतं का? ते म्हणाले, "माहीत होतं. मला वाटलं, सबब सांगतोय."

तू चौदा वर्षांचा होतास. थंडीतली पहाट, आणि तू अंथरुणातून सांगत होतास की छातीत दुखतंय. त्यांनी तुला दंडाला धरून पहाटेच्या नमाजच्या वजूसाठी नळाखाली नेलं. पुढचे दोन महिने हॉस्पिटल, बुडालेलं वर्ष, आणि सतरा पुरे होताच घर सोडणं, यातलं मी तुला काय सांगायचं? पण एक गोष्ट तुला माहीत नाही. त्या पहाटे मी तुझ्या कपाळाला हात लावला होता. कपाळ तापलं होतं. मी वीस वर्षांची घोडी होते, "अब्बा, याला ताप आहे" एवढं म्हणायला मला काय झालं होतं? मी घाबरले आणि चटया घालत राहिले. तू सगळा राग त्यांच्यावर काढलास. त्यातला थोडा माझ्या वाट्याचा आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, जखमा आता भरणार नाहीत, फार तर तीन आठवडे. अब्बांनाही कळलंय. परवा त्यांनी मौलवीसाहेबांना विचारलं, या कातडीला शेवटची आंघोळ कशी घालणार? मौलवीसाहेब म्हणाले, पाणी सोसणार नसेल तर मय्यतीलाही तयम्मुमच देतात. घरातल्या माणसाने आपले हात दगडावर टेकवायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावरून, हातांवरून फिरवायचे. अब्बांनी तुझं नाव घेतलं. म्हणाले, त्याने केलं तर बरं वाटेल. मी विचारलं, आणि तो आला नाही तर? ते म्हणाले, "विचार त्याला. नाही म्हणाला तर मुकादम करेल. पण या वेळी त्याला कुणी ओढून आणायचं नाही."

म्हणून मी फक्त विचारतेय.

तुझीच,
आपा