तुझ्या मुठीतली दोन बोटं

वडनेर, ता. हिंगणघाट
फेब्रुवारी २००६

प्रिय अंजू,

'प्रिय' हा शब्द सवयीनं लिहून गेलो. खोडणार होतो, पण पहिल्याच ओळीत खाडाखोड करणाऱ्याच्या हातावर आमचे गुरुजी पट्टी मारत, म्हणून राहू दिला. त्याला उगाच भुलू नकोस. हे पत्र रागाचं आहे.

तुझं पार्सल मिळालं. बारशाचं बोलावणं मिळालं. जावईबापूंनी, मुकेशरावांनी, काढलेली पुण्याची दोन तिकिटंही मिळाली, ती देवघरात पाटाखाली ठेवली आहेत. येताय ना, असं तू फोनवर विचारलंस आणि मी शेतात पाणी सुरू आहे म्हणून फोन ठेवला. पाणी सुरू नव्हतं. मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं. ती तिकिटं वापरायची की परत करायची, ते या पत्रावर तू काय करतेस त्यावरून ठरेल.

बाळंतपणाला तू इकडे आली नाहीस, तेव्हा मी काही बोललो नाही. सावंगीला एवढं मोठं हॉस्पिटल उभं आहे, चंद्रपूर-यवतमाळची माणसं तिथं येऊन राहतात, पण तुला पुण्याचेच डॉक्टर हवे होते. बरं. तुझी आत्या मात्र डिंक निवडत बसली होती. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून, धुऊन, उन्हात घालून तिनं पेटीत घडी करून ठेवली. तिलाही मी काही बोललो नाही. गप्प बसण्यात माझं आयुष्य गेलं. कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात गप्प बसलो, भावकीत गप्प बसलो. आता या वयात जरा बोलून पाहतो.

दिवाळीत आलीस आणि फडताळातला अल्बम मागितलास. काळ्या जाड पानांचा, मधे तो पातळ दुधी कागद, फोटोंना चिकटवायचे छोटे कोपरे, आणि प्रत्येक फोटोखाली पांढऱ्या पेन्सिलीनं लिहिलेली माझी एक ओळ. तुझ्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोखाली मी लिहिलं होतं, 'अंगणी आली चांदणी, दिवसा उजेडी.' हसू नकोस. चौथीत मला कवितेला पैकीच्या पैकी गुण होते. संध्याकाळी तो अल्बम मांडीवर घेतला की तो दुधी कागद उलटताना जो आवाज येई ना, वाळल्या पानावरून चिमणी चालल्यासारखा, तो ऐकला की मला वाटायचं अजून सगळे घरातच आहेत, फक्त पलीकडच्या खोलीत गेले आहेत. तुझी आई आनंदाबाई तर नक्कीच. तू पाळण्यात असताना ती गेली, पण त्या पानावर आली की कागदामागून पदर सावरत...

असो. मी रागावलो आहे, हे मधेच विसरतो.

तू म्हणालीस, बाबा, फोटो पिवळे पडून राह्यले, वाळवी लागंन, मी त्याचं छान पुस्तक करून देतो. पुण्याला राहूनही माझ्याशी बोलताना तुझी बोली सुटत नाही, त्याच बोलीला मी फसलो. पार्सल फोडलं तर आत ते पुस्तक. गुलाबी पानं, निळी पानं, चमकी, कागदी फुलं, चिकटवलेली फुलपाखरं. वर इंग्रजीत 'अवर फॅमिली'. शेजारच्या शकुंतलाबाई धावत आल्या. 'अवो भाऊजी, काय पुस्तक हाये! पिच्चरवानी! आमच्या पोराले सांगा न कोनी, तो नुसता मोबाइल घेऊन फिरते.' गल्लीभर पुस्तक फिरलं. जो तो म्हणे, पोरीनं नाव काढलं. मी हो हो म्हणत होतो. माझ्या ओळी कुठंच नव्हत्या, त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाटलं, पण त्यासाठी मी भांडलो नसतो.

रात्री दिव्याखाली नव्हे, चांगल्या दिवसाउजेडी, चष्मा पुसून मी ते पुस्तक ओट्यावर पाहिलं. तुझा शाळेचा पहिला दिवस. नवा फ्रॉक, दोन वेण्या, रडवेलं नाक. फोटो तू त्या नागमोडी कात्रीनं गोल कापलास, भोवती सोनेरी नक्षी लावलीस. छान. पण तुझा उजवा हात वर गेलेला आहे, अंजू, आणि मुठीत दोन बोटं आहेत. नुसती दोन बोटं. पुढं तुझी नक्षी सुरू होते. ती बोटं कोणाची, ते तू खाली लिहिलेलं नाहीस.

मग मी मागची-पुढची सगळी पानं पुन्हा पाहिली. पवनारला धाम नदीवर गेलो होतो, त्या फोटोत तू दगडावर बसली आहेस आणि तुझ्या डोक्यावर अर्धी छत्री आहे. अर्धी! छत्री काय झाडाला लागली होती? ती धरून उन्हात कोण उभं होतं? तुझ्या हळदीच्या फोटोत डाव्या कडेला दाराची चौकट होती, चौकटीला टेकून एक बाई होती. आता तिथं गुलाबाचं चित्र आहे. लग्नाच्या मोठ्या फोटोत तुझ्या सासरचे सगळे आहेत, हिंगणघाटचे सगळे आहेत, पंक्तीतला वाढपीसुद्धा अर्धा आला आहे. माझ्या मोठ्या बहिणीचा फक्त खांदा आहे. पांढऱ्या पदराचा एक तुकडा. तू फोनवर काय म्हणाली होतीस, आठवतं? 'बाबा, कडेकडेला उगाच भिंती, दारं, कोनाचा तरी खांदा, ते सारं काढून टाकलं. आता कसं साफ दिसते.'

कोणाचा तरी.

आमच्या शाळेत कविता शिकवताना गुरुजी म्हणत, शेवटचं कडवं परीक्षेला नाही, सोडा. सगळी पोरं त्या कडव्यावर पेन्सिलीनं फुली मारत. मी तेच कडवं आधी पाठ करायचो. मला वाटायचं, वरची सगळी कडवी ज्याच्यासाठी चालत आली तेच हे सोडायला सांगतात. तू मला आवडलीस ती तशीच, परीक्षेला नसलेल्या गोष्टी लक्षात ठेवणारी पोर म्हणून. पुण्याला जाऊन तू फुली मारायला शिकलीस. नुसती फुली नाही, नागमोडी कात्री.

तुझी ही आत्या, रुख्मिणी, कडेला का उभी असायची, हे तुला कोणी सांगितलं नसेल, तर आता मी सांगतो. विसाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आली. तेव्हापासून हळद असो, ओटी असो, लग्न असो, शुभकार्यात पुढं यायचं नाही, चौकटीच्या आत पाय ठेवायचा नाही. त्यामुळं घरातल्या प्रत्येक फोटोत ती सापडायची ती कडेलाच, अर्धी आत, अर्धी बाहेर. एकटीचा फोटो तिनं काढून घेतला नाही. मतदानाचं कार्ड झालं तेव्हा त्यावरही भलत्याच बाईचा चेहरा छापून आला, आणि ही ते कार्ड गावभर दाखवत हसली, 'पाह्य वो, सरकारले मी अशी दिसतो.' म्हणजे साऱ्या जगात तिचा चेहरा फक्त आपल्या अल्बमच्या कडांना होता. आणि तू कडा कापल्यास.

तू म्हणशील, बाबा, मग तिला कडेला उभं केलं कोणी? विचार. समोर ये आणि तोंडावर विचार. मी पत्रात त्याचं उत्तर देणार नाही. आज आरोपी तू आहेस.

शाळेचा तो फोटो काढायला हिंगणघाटहून रामाजी आला होता. वडनेरच्या शाळेसमोर त्यानं कॅमेऱ्याचं तिकाटणं लावलं, काळ्या कापडात डोकं घातलं आणि आतूनच ओरडला, 'अवो बाई, आत सरका! कटून राह्यल्या तुमी!' तू तिचा हात सोडत नव्हतीस, म्हणून ती तेवढीच वाकून, अंग मागं घेऊन उभी होती. ती म्हणाली, 'कटू दे बापा. पोरगी पुरी येऊन राह्यली न? मंग झालं.' रामाजी हसला, मी हसलो. तू तेवढी रडत होतीस. त्यानं बटण दाबलं, तेव्हा वडाच्या झाडातून ऊन सांडत होतं आणि शाळेत कुठल्या तरी वर्गात पोरं तालावर कविता म्हणत होती. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात गोड सकाळ असेल. म्हणून तर तुझा राग येतो. तू ती सकाळ गोल कापलीस.

आता खरं काय ते लिहितो. मी रागावलो असतो, आठवडाभर धुसफुसलो असतो आणि तुझ्या लेकीचं तोंड पाहायला गाडीत बसलो असतो. मी बाप आहे, मला तेवढाच दम आहे. पण परवा तुझ्या आत्यानं पुस्तक मागितलं. दोऱ्यानं बांधलेला चष्मा चढवला आणि पहिल्या पानापासून पाहत गेली. तुझ्या फोटोंवरून हात फिरवी, फुलपाखरं बोटानं दाबून पाही. मी समोर बसून तिच्या तोंडाकडं बघत होतो. शाळेच्या फोटोवर ती थांबली. त्या दोन बोटांवर स्वतःचं बोट ठेवलं. मला वाटलं आता ही रडेल, आणि मी तुला फोन लावीन, आणि जन्मात बोललो नाही तसं बोलेन. ती पुढं गेली. शेवटचं पान तू कोरं ठेवलं आहेस, बारशाच्या फोटोसाठी. ते पाहून तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, 'बरं केलं पोरीनं. आता शुभ दिसते.' मग आत गेली. पुण्याला न्यायच्या पिशवीतून तिनं आपलं ठेवणीतलं लुगडं काढलं, पुन्हा पेटीत ठेवलं, आणि दुपटी तेवढी माझ्या पिशवीत घातली. मी म्हटलं, हे काऊन? तर म्हणे, 'तू जाजो. मी कायले येऊ? पोरीनं सांगतलं न पुस्तकात.' तिच्या आवाजात राग नव्हता, अंजू. असता तर हे पत्र मी लिहिलं नसतं. तेव्हा नीट वाच. कात्रणं टाकली नसतील तर शोध, कचऱ्यात गेली असतील तर गेली, त्यासाठी रडत बसू नकोस. तू स्वतः फोन कर. माझ्याशी नाही, तिच्याशी. तिला सांग, पाळण्याची दोरी पहिल्यांदा तीच ओढणार. तुझी आई गेल्यावर तुझ्या पाळण्याची दोरी तिनंच ओढली होती, तेव्हा कोणाला अशुभ दिसलं नाही. सासरची मंडळी कुरकुरली तर त्यांना हे पत्र दाखव. फोटोवाल्याला सांग, मधली खुर्ची तिची, मांडीवर लेक, आणि मी कडेला उभा राहीन, अर्धा कापलो गेलो तरी चालेल. तिनं हो म्हटलं तर दोन्ही तिकिटं लागतील. नाही म्हणाली, तर एकही लागणार नाही. मग ते शेवटचं पान कोरंच राहू दे. तुझ्या पुस्तकात तेवढं एक पान खरं असेल.

तूर्त तरी तुझाच,
बाबा