सप्टेंबरच्या पानावरची बाई

केमी, सप्टेंबरअखेर

आदरणीय हेल्वीताईस,

धाकट्या आर्नेचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? (दोन्ही. मागच्या पत्रात मी एकाचीच चौकशी केली, तर दुसऱ्याबद्दल तू पानभर लिहिलंस.) दाजींचा खोकला आणि मांजरीचं पथ्य यांचंही कळव. मी ठणठणीत आहे. एक बूट तेवढा कमी झालाय, आणि तो कसा हे सविस्तर सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुला माहीतच आहे, आमच्या वाचनालयाचं फोटो मंडळ दरवर्षी कॅलेंडर काढतं आणि प्रत्येक सभासदाच्या वाट्याला एक महिना येतो. मागच्या वर्षी मला नोव्हेंबर मिळाला होता. (आपल्याकडे नोव्हेंबरात जो अंधार असतो तो मी प्रामाणिकपणे टिपला, आणि लोक छपाई बिघडली म्हणून कॅलेंडर बदलून मागायला आले.) यंदा अध्यक्ष सुलोच्या हातापाया पडून सप्टेंबर मिळवला. सप्टेंबर म्हणजे रुस्का, झाडापानांना रंग चढण्याचे दिवस. हे पान चुकलं असतं तर मंडळात मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून गाडी काढली आणि थेट उत्तरेला डोंगरात गेलो.

पहिल्या दिवशी धुकं. इतकं की मी अर्धा तास एका बर्चच्या झाडाला रस्ता विचारत होतो असं म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी मात्र पडदा वर गेल्यासारखं झालं, ताई! उतारावरची खुरटी झुडपं लालभडक, खाली तळं, तळ्याकाठी पिवळेजर्द बर्च आणि पाण्यात तेच सगळं पुन्हा उलटं. मी दलदलीच्या कडेला ट्रायपॉड रोवला, कॅमेरा लावला, चौकट जुळवली आणि बर्चचा एक शेंडा कापला जात होता म्हणून एक पाऊल मागे घेतलं. त्या पावलाखाली जमीन नव्हती. उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला आणि आत गेलेल्या पायाला बाहेर यायची मुळीच इच्छा दिसेना.

तेवढ्यात एक रेनडिअर आला. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ कॅमेऱ्यापाशी जाऊन त्याचा पट्टा चघळू लागला. मी ओरडलो, टोपी फेकून मारली, त्याच्या आईबापांचा उद्धार केला. तो चघळतच राहिला. मग झुडपांतून रानबेऱ्यांची बादली घेतलेली एक बाई आली. तिने आधी रेनडिअरला हुसकलं, कॅमेरा उचलून बाजूला दगडावर ठेवला, मग पट्टा पुसला.

"बाई, मी इथे बुडतोय!" मी म्हटलं.

"दिसतंय की. पण तुम्ही कुठे पळून जाणार? कॅमेरा गेला असता."

शेवटी माझाच ट्रायपॉड पुढे करून तिने मला ओढून काढलं. बूट दलदलीनेच ठेवून घेतला. तिने बेऱ्यांसाठी आणलेली पिशवी माझ्या पायाला बांधली आणि मला शेकोटीपाशी नेऊन कॉफी पाजली. नाव राइली. दातांची डॉक्टर होती, आता निवृत्त. (मी हसलो तेव्हा तिने आधी माझ्या दाढाच पाहिल्या.) कॉफी संपतेय तोच ढग फाटले आणि अख्खा डोंगर पेटल्यासारखा दिसला. मी एका पायावर लंगडत कॅमेऱ्याकडे धावलो आणि तो डोळ्याला लावला. पाहतो तर चौकटीत, बरोब्बर मधोमध, राइली बादली घेऊन उभी.

"सरकू का?" तिने विचारलं.

ताई, तुझी भावजय आयला गेल्यापासून माझ्या एकाही फोटोत माणूस नाही. निसर्ग कसा निर्भेळ हवा, असं मी सगळ्यांना ऐकवत आलो. खरं म्हणजे, जिच्याकडे पाहून मी बटण दाबायचो ती चौकटीत नसायची आणि दुसऱ्या कुणाला तिथे उभं करवत नव्हतं. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून निघून गेलं, "नको, राहा तशीच." आणि मी बटण दाबलं.

सुलोने फोटो पाहिला आणि म्हणाला, "झकास! फक्त ती बाई पुसून टाक. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम आहे. आपल्या कॅलेंडरात निसर्गच असतो."

मी म्हटलं, "ती नाही पुसायची."

"मग सप्टेंबर विसर."

विसरलो. त्या पानावर आता सुलोने टिपलेली अळंबी येणार आहेत. माझा फोटो इथे स्वयंपाकघरात टांगलाय आणि खोली चांगलीच उजळलीय.

दाजींना नमस्कार, मांजरीला आशीर्वाद.

तुझा,
आर्ने

ता. क. हे पत्र राइलीने आत्ताच माझ्या खांद्यावरून वाचलं. तिच्या मते दलदल गुडघ्यापर्यंतच होती, आणि रेनडिअर म्हणजे नुकतं आईला सोडून हिंडायला लागलेलं पिल्लू होतं. ती तिथे होती, त्यामुळे मला वाद घालता येत नाही.

ता. क. २. ती आता बेऱ्यांचा मुरंबा ढवळायला गेलीय, म्हणून घाईघाईत लिहितो. येत्या रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडे जेवायला येतोय. माझी ताई फार शांत आणि मितभाषी आहे, असं मी तिला सांगून बसलोय. एवढ्या एका दुपारपुरतं निभावून ने गं.