दुष्काळात घातलेला पाटा

अप्पा, काल मी आईला घेऊन तिच्या माहेरी, कंधारला जाऊन आले. गाडी मीच चालवली. लोह्याच्या पुढे रस्त्याचं काम चाललंय, बराच वेळ खड्ड्यांतून जावं लागलं, आणि आई मागच्या सीटवर खुशाल डुलक्या घेत होती. आरशात तिची झोपलेली मान दिसली आणि मला तुमचा राग आला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू देत.

आपल्या चाकूर गावच्या आडांनी तळ दाखवला त्या दुष्काळात तुम्ही आपल्या पांढऱ्या गाडीची मागची सीट काढून ठेवलीत आणि पिंपं भरभरून गल्लीला पाणी आणलंत. ओझ्यानं गाडी मागून बसायला लागली, तेव्हा मिस्त्रीकडून मागच्या दोन्ही चाकांवर एकेक पाटा वाढवून घेतलात. लोखंडाच्या त्या वाकवलेल्या जाड पट्ट्या बसवताना मी तिथंच उभी होते. गल्लीनं तुम्हाला नारळ-शेला दिला, तो तुमच्या हक्काचाच होता. पण पुढं पाऊस झाला, आडाला पाणी आलं, पिंपं माळ्यावर गेली, सीट परत बसली, आणि पाटे मात्र जिथल्या तिथं राहिले. पाणी वाहायला ताठ केलेली गाडी आता रिकामी पळायची. पळायची कसली, उडायची. तुम्हाला पुढं धरायला स्टिअरिंग होतं. दणके सगळे मागं, आणि मागं आई, जिची कंबर माझ्या धाकट्या भावाच्या बाळंतपणापासून धरलेली.

ती पदर दातात धरून बसायची. तुम्ही मागं न बघताच म्हणायचात, "रस्ताच खराब हाय. आता जिल्हा झालाय, होतील की रस्ते." लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि तुमच्या लेखी आईच्या कमरेचं औषधसुद्धा नवा कलेक्टरच पाठवणार होता. मग तुम्ही चाकांतली हवा कमी करून बघितलीत, शॉकअप बदललेत, बंपरला लिंबू-मिरचीही बांधलीत. तरी दणके थांबेनात, तेव्हा आलेल्या-गेलेल्याला सांगायला लागलात, "हिचं दुखणं मनाचं हाय. माहेरची आठवण आली की कंबर धरती." आई चहाचे कप उचलत ते ऐकून घ्यायची. एस्टीनं जाऊ का, असं तिनं एकदा विचारलं होतं. "दारात गाडी असताना माझी बायको एस्टीत बसणार? लोक काय म्हणतील?" झालं. त्या दिवसापासून तिचं कंधारला जाणंच बंद झालं. तिकडे तिची आई वाट बघून बघून थकली.

मला यंत्रातलं काही कळत नव्हतं, अप्पा. मी फक्त आईशेजारी बसत होते. त्याच्याही आधी, मावशीच्या लग्नाला जाताना गाडीत माणसं कोंबली होती, डिकीत धान्याची पोती होती, तेव्हा गाडी कशी अलगद गेली आणि आई हसत-बोलत होती. परत येताना धाकटा आजीकडं राहिला, आम्ही तिघंच, आणि त्याच रस्त्यावर तिच्या डोळ्यांत पाणी. पुढं लातूरला कलेक्टर कचेरीसमोरच्या नव्याकोऱ्या डांबरावरही गाडी तशीच आपटायला लागली, तेव्हा मी बोलले, "अप्पा, हा रस्ता तर नवा आहे. दुष्काळात घातलेले पाटे काढा." तुम्ही गाडी थांबवून मागं वळलात. "लई कळतंय तुला! त्या पाट्यांनी गल्ली जगवली. उद्या परत दुष्काळ पडला मग?" गल्ली जगली, अप्पा. मागं बसलेलं माणूस तुम्हाला दिसलं नाही.

मग कंधारहून सांगावा आला की आजीनं अंथरूण धरलंय. आपण निघालो. लोह्याला आई म्हणते, थांबवा. खाली उतरते आणि एका गॅरेजच्या कट्ट्यावर बसून राहते. तुम्ही म्हणताय, चल, उशीर होतोय. ती मान वर करत नाही. "मी चालत जाते. रात झाली तरी चालंल. पर ह्यात न्हाई बसायची." भर रस्त्यात तुमचा शब्द मोडणारी आई मी पहिल्यांदाच बघतेय. चार माणसं जमलीत. मी गॅरेजवाल्याला सांगते, मागचे वाढीव पाटे काढा. तो तुमच्याकडं बघतो. "मालक म्हणतील तवाच हात लावतो." तुमचा चेहरा लाल झालेला. "काढ बाबा, काढ. हिच्या मनाचं एकदाचं समाधान होऊ दे."

पाटे निघाले. पुढचा रस्ता तोच, खड्डे तेच, आणि गाडी नुसती हलकी हेलकावत चालली. आईनं पदर दातातून सोडला. बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "म्हंजी मला खरंच दुखत हुतं गं." इतक्या दिवसांत तुम्ही तिला तिच्याच कमरेवर विश्वास ठेवू दिला नव्हता. ते वाक्य तुम्हालाही ऐकू गेलं. तुमचे कान मला मागून दिसत होते. तुम्ही गिअर बदललात.

आजी भेटली. आणखी दोन सुगीपर्यंत होती ती, आणि आई अधूनमधून जात राहिली. तुम्ही दुकानावर सांगत सुटलात, "पाटे काढले बघा, आता कशी लोण्यावानी चालती!" श्रेय घेतलंत, घ्या. पण घरात येऊन एकदा तरी तिला विचारायचं होतं, आता नीट बसता येतंय का? शेवटच्या आजारपणात ती तुमचे पाय चेपत बसायची, तेव्हा तरी. आईला आज हे म्हटलं तर ती म्हणते, जाऊ दे गं, माणूस चांगला होता. तिच्या या जाऊ देण्याचाही मला राग येतो.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि आईला तर मी ते दाखवणारच नाही. एक मात्र कबूल करते. वर तो नीट बसता येतंय का हा प्रश्न लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं. वाटलं, तुम्ही आत्ता तरी तिला विचाराल.