नळीची खोळ

१२ मार्च २०२५, बुधवार
शेवटी सुप्रीताची मेल! उत्तर ध्रुवाजवळच्या त्या गावात वायफाय, ब्लूटूथ बंदच ठेवतात म्हणे — यंत्रांना त्रास होतो. वायरवाल्या कॉम्प्युटरवर नंबर लागला की मेल. आणि मी इकडे मनात तिला काय काय बोललो!

तिचं काम ओझोन मोजायचं. वर आकाशातला नाही — जमिनीलगतचा, श्वासातल्या हवेतला. मशीन खोलीत, नळी बाहेर. नळी गारठू नये म्हणून मी शिवलेली खोळ बसवली. "फिटिंग मस्त," लिहिलंय. मशीन तपासायला आधी हवा कोळशातून सोडतात. कोळसा ओझोन खातो, आकडा शून्य यायला हवा. आला. मग बाहेरची हवा घेतली — सदतीस. कॉलेज सोडलेल्यालाही एवढं समजलं.

निघायच्या आदल्या दिवशी चामराजपुरमला तिच्या घराच्या कोपऱ्यावर लग्नाचं विचारलं, त्याबद्दल अक्षर नाही. "परत आल्यावर सांगते," म्हणाली होती. बरं.

१९ मार्च
उगादीची, म्हणजे पाडव्याची, गर्दी. आप्पा आणि मी, बापलेक दिवसभर दुकानात शिवतोय. ब्लाउज, ब्लाउज, ब्लाउज. मेल नाही.

२६ मार्च, बुधवार
वाईट मेल. आकडा पडला. काल पस्तीस, आज जवळजवळ शून्य. तिचे सिनियर चिदंबर सर म्हणाले, "नवीन काय लावलंय? ती टेलरची खोळ!"

टेलरची! मी समोर असतो तर — कॉलेजात एका सरांशी असाच भिडलो आणि दुसऱ्या वर्षातून बाहेर पडलो, ते पडलोच. आकडे खराब निघाले तर तिला पुन्हा कुठे पाठवणार नाहीत. माझ्या खोळीपायी.

२७ मार्च
आप्पांनी नव्या कापडाला पहिला टाका घातला, डबी उघडली, बोटाने बुक्का लावला, "विठ्ठला" म्हणाले. जन्मापासून बघतोय. आज माझा हात थांबला.

"आप्पा, सुप्रीताच्या खोळीला लावलात?"

"लावणार नाही तर? तोंडाच्या दुमडीत. केवढ्या लांब चालली पोर!"

"आपल्या बुक्क्यात काय काय असतं?"

"चंदनाचा कोळसा, कापूर... का रे?"

कोळसा!! नळीच्या तोंडाशी! ओरडलो. गिऱ्हाइकांसमोर. "कुणी सांगितलं होतं? तिचं काम बुडवलंत!" आप्पांनी हातातला टाका पुरा केला. डबी उचलून वरच्या फळीवर ठेवली.

तिला लिहिलं — खोळ काढ, दुमडीत बुक्क्याचा कोळसा आहे. आता ती परत आल्यावर काय सांगणार ते ठरलंच. तरी मेल पाठवली.

२८ मार्च
उत्तर नाही. डबी वरच.

२९ मार्च, शनिवार
उत्तर! "हुच्चा! वेडाच आहेस. खोळ काढून पाहिली, आकडा तसाच. शेजारी दुसऱ्या देशाचं मशीन आहे, त्यावरही शून्य. तुझा बुक्का बाहेरच्या बाजूला, चिमूटभर. हवेच्या वाटेत नाहीच तो."

म्हणजे शून्य खरं होतं! तिथे महिनोन् महिने अंधार, मग ऊन येतं. समुद्रावरच्या बर्फातल्या मिठातून ब्रोमीन सुटतं आणि जमिनीलगतचा ओझोन खाऊन टाकतं. वसंतात होतं असं. वारा फिरला की आकडा परत चढतो. चिदंबर सर हेच शोधायला गेलेत — चूक नाही याची खात्री हवी, म्हणून तर आधी खोळीवर संशय घेतला. आता खूश आहेत. खोळ काढली तेव्हा नळीच्या तोंडाशी बर्फ साचलं. पुन्हा बसवली!

आप्पांना सगळं सांगितलं. "अष्टेना?" म्हणाले. एवढंच ना, म्हणून. माफी मागणार होतो, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

३० मार्च, उगादी
आपल्या अग्रहार भागात सगळी दुकानं बंद, आपलंही. आप्पांनी कडुलिंब-गूळ हातावर ठेवला, नेहमीसारखा. डबीचं नाव काढलं नाही. मीही नाही.

२ एप्रिल
दुकान उघडलं. आप्पा पहिला टाका घालतात, क्षणभर थांबतात, आणि तसेच पुढे शिवतात. बघवत नाही.

९ एप्रिल, बुधवार
आकडा परत छत्तीस. तिची मेल — नोव्हेंबरात अंटार्क्टिकाला निवड झाली, वर्षभरासाठी. "मी सांगायच्या आधी तू सांग. थांबशील? थांबणार असशील तर दोन खोळी शीव."

कापड कापलं. पहिला टाका घातला. फळीवरची डबी काढली आणि आप्पांपुढे धरली.